सत्त्याहत्तर पॉइंट सात

माझे पाय लांब आहेत. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. उंचीचं कौतुक होतं ते माळ्यावरचे डबे काढताना तेवढंच. एरवी एस.टी.ची सीट, कॉलेजचा बाक, हॉस्टेलची कॉट, नाट्यगृहातली मागची रांग हे सगळं ज्या कुणा सरासरी माणसाच्या मापानं बनवलेलं आहे, तो मला अजून भेटायचाय. भेटला की गुडघे दाखवणार आहे.

तर असल्या माणसानं ४९ साइझची रोड बाइक का घ्यावी? कारण ती विकायला होती.

पुण्यातल्या इंजिनिअरिंग हॉस्टेलवर दरवर्षी पावसाळ्यात एक हंगाम येतो. एम.एस.साठी अमेरिकेला निघालेला सीनियर आपल्या खोलीचा लिलाव काढतो. गादी, कूलर, अवघड शब्दांखाली रेघा मारलेली जीआरईची पुस्तकं, बादली, सायकल. आमचा सीनियर माझ्या खांद्याला लागायचा. रोड बाइकची फ्रेम सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि सहा फूट एक इंच उंचीच्या माणसाला साधारण ५८ ची लागते. म्हणजे नऊ सेंटिमीटर कमी पडत होते. पण त्यानं सायकलीबरोबर बादली फुकट दिली आणि व्यवहार झाला. बादली अजून टिकून आहे.

पेडलं मात्र त्यानं काढून घेतली. रोड बाइक विकताना पेडलं ज्याची त्यानं न्यायची, असा जगभरचा रिवाज आहे म्हणे. त्याची पेडलं बोस्टनला गेली आणि मी पेठेतून साधी काळी प्लॅस्टिकची आणली. ती बसवायला मेकॅनिकल आला.

मेकॅनिकल म्हणजे माणूस. आमच्या मजल्यावर माणसांना नावं नव्हती, ब्रँचेस होत्या. मेकॅनिकल टॉपर होता आणि सायकलीवर वाचण्यासारखं जे काही आहे ते त्यानं वाचलं होतं. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते सुटून गळून पडेल, हे त्यानं परीक्षेत दोन मार्कांना लिहिलं होतं. पण हातात पाना आल्यावर त्यानं डावं पेडलही उजवीकडेच पिळलं, बराच वेळ पिळलं, आणि मग पेडल बनवणाऱ्या कारखान्याबद्दल वाईट बोलला. दुसरा सिव्हिल. सिव्हिल पाच फूट चार इंच, करमाळ्याकडचा, बोलायला कमी. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा. इन्स्ट्रुमेंटेशन म्हणजे मोजमापाचं शास्त्र. म्हणून माझी मापं घेताना मला सायकल धरून उभं राहण्याचं काम मिळालं.

मापं घेण्याची पद्धत अशी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक घालून जमेल तितकं वर ओढायचं. मग पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. जाड पुस्तक म्हणून ग्रेवाल यांचं ‘हायर इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’ निवडलं गेलं. त्या सेमिस्टरमध्ये ते पुस्तक माझ्या इतक्या जवळ पुन्हा आलं नाही.

माप भरलं ८८. आता त्याला ०.८८३ नं गुणायचं. हा आकडा कुठून आला, हे मेकॅनिकलनं गुणाकार अर्धवट टाकून सांगितलं. ग्रेग लमॉन्ड नावाचा अमेरिकन सायकलपटू होऊन गेला... म्हणजे आहे अजून. त्यानं १९८९ ची टूर द फ्रान्स जिंकली. तीन हजारांवर किलोमीटरची शर्यत, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या फ्रेंच गड्याला मागे टाकलं ते फक्त ८ सेकंदांनी. तर हा गुणाकार लमॉन्डच्या नावानं ओळखला जातो. उत्तर येतं ते क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. माझं आलं ७७.७.

‘‘सत्त्याहत्तर पॉइंट सात,’’ मेकॅनिकल म्हणाला. ‘‘पाठ कर. रक्तगट विसरलास तरी चालेल.’’

मग सिव्हिल ओळंबा घेऊन आला. क्रँक आडवा ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला, तर तो पेडलच्या आसावर पडला पाहिजे, असा सायकलवाल्यांत एक जुना संकेत आहे. किथ बॉन्ट्रॅगर नावाच्या सायकल बनवणाऱ्या एका जाणत्यानं ही निव्वळ भाकडकथा आहे असं लिहून ठेवलंय, पण ते तेव्हा आम्हाला कळलेलं नव्हतं आणि कळलं असतं तरी उपयोग नव्हता. सिव्हिलनं इतक्या गंभीरपणे एक डोळा मिटून दोरी सोडली, की मी खिडकीचे गज धरून श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. ओळंबा हलायचा थांबला. सिव्हिलनं मान डोलावली. ‘‘प्लंबमध्ये आहेस,’’ तो म्हणाला. मला आजवर कुठल्याही परीक्षकानं इतकं चांगलं म्हटलेलं नाही.

आता इथे थोडं चिडून घेतो. सायकल मापाची करून घेण्यावर जगात जेवढं लिहिलं गेलंय, त्या सगळ्याची सुरुवात एकाच वाक्यानं होते: आधी आपल्या मापाची फ्रेम घ्या. वा! रविवारी सकाळी सिंहगड रस्त्याला ज्यांच्या सायकली अख्ख्या मजल्याच्या मेसच्या वर्षाच्या बिलाएवढ्या किमतीच्या असतात आणि जे तुमच्या तोंडाकडे बघण्याआधी तुमच्या टायरकडे बघतात, त्यांनी जरूर घ्यावी. हॉस्टेलवर आधी सायकल मिळते, मग तिच्यात बसेल असा माणूस शोधतात, आणि नाही सापडला तर जो आहे त्याला बसवतात. ताणायचं ते सायकलीला नाहीतर माणसाला. मेकॅनिकलनं दोघांना ताणलं. हँडल पुढे जावं म्हणून लांब स्टेम लावली आणि सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्या नळीवर बसते ती, इतकी वर काढली की तिच्यावर कोरलेली ‘याच्या वर काढू नये’ची रेघ फ्रेमच्या काठावर येऊन टेकली.

ही सीटपोस्ट कार्बनची होती. सीनियरनं हौसेनं घातलेली, सबंध सायकलीतला एकमेव महागडा अवयव. मेकॅनिकलनं तिला आत घालण्याआधी फडक्यानं पुसलं आणि खालपासून वरपर्यंत छान ग्रीस लावलं.

ज्यांना कळलं ते आत्ता हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. लोखंडाची किंवा अॅल्युमिनियमची सीटपोस्ट असेल तर ग्रीस लावतात, म्हणजे ती गंजून आत जाम होत नाही. कार्बनला ग्रीस लावत नाहीत. कार्बन मुळात गुळगुळीत, आणि त्याचा बोल्ट फार आवळताही येत नाही, साधारण पाच न्यूटन-मीटर. दहा सेंटिमीटर लांबीच्या अॅलन कीच्या टोकाला पाच किलो तांदळाची पिशवी टांगली तर जो पीळ बसेल, तेवढाच. म्हणून कार्बनला बारीक कण असलेली एक वेगळी पेस्ट लावतात. ती खरखरीत असते आणि पकडून ठेवते. मेकॅनिकलनं या नियमाचा पहिला अर्धा भाग वाचला होता. दुसरा बहुतेक पान उलटल्यावर होता.

महाबळेश्वरला जायचं ठरलं, कारण सबमिशन जवळ आलं होतं.

पहाटे पाचला निघालो. सायकलवाल्यांची गादीवाली चड्डी मेकॅनिकलनं आणि मी घेतली होती. तिच्या आत काही घालायचं नसतं, हे मेकॅनिकलनं आम्हाला मजल्यावरच्या कॉमन बाथरूमसमोर, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावून सांगितलं होतं. सिव्हिलनं ट्रॅकपँट आणि फ्लोटर्स घातले होते. त्याची सायकल अठरा किलोची, पुढे-मागे स्प्रिंगा असलेली, गावाकडे जिला नुसतं ‘गिअरची’ म्हणतात ती. आमच्या दोघांच्या नऊ-नऊ किलोच्या. जागतिक सायकल महासंघाच्या नियमानं शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असून चालत नाही. आम्ही नियमाच्या बऱ्यापैकी आत होतो. त्या दोन-अडीच किलोंची मेकॅनिकलला खंत होती. पाण्याची बाटली अर्धीच भरावी असं त्याचं मत होतं. आदल्या रात्री मेसला फीस्ट होती आणि त्यानं गुलाबजाम किती खाल्ले ते मी मोजले होते, पण तेव्हा बोललो नाही.

कात्रजचा जुना घाट चढताना मला वाटलं, आज पाय जड आहेत. बोगद्यात वाटलं, झोप नीट झाली नसावी. शिंदेवाडीला उतरलो तेव्हा गुडघ्याच्या वाटीपुढे बारीकसं दुखायला लागलं होतं. खेड शिवापूरला चहाला थांबलो, तर सिव्हिल माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, ‘‘तू बुटका झालास.’’

टेप काढली. सिव्हिलकडे टेप कायम असते. ७६.१.

मेकॅनिकलला आनंद झाला. काहीतरी बिघडल्याशिवाय त्याला प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. अॅलन की काढून त्यानं सीट पुन्हा ७७.७ वर आणली आणि आवळता आवळता एडी मर्क्सची गोष्ट सांगितली. बेल्जियमचा मर्क्स, पाच वेळा टूर जिंकलेला. १९६९ साली ब्ल्वा इथल्या ट्रॅकवर तो भयंकर पडला. त्याच्या पुढे मोटारसायकल चालवणारा त्यात जागीच गेला आणि मर्क्सच्या कंबरेला जे दुखणं लागलं ते पुढे जन्मभर. तेव्हापासून सीट कुठल्याच उंचीवर त्याला बरी वाटेना. भर शर्यतीत खिशातून किल्ली काढायचा आणि सीट वरखाली करायचा. ‘‘भर शर्यतीत!’’ मेकॅनिकल म्हणाला. चहावाल्यानंसुद्धा मान हलवली. मर्क्सची सीट तो स्वतः हलवायचा, माझी आपणहून हलते, हा फरक मी मांडून पाहिला. पण मोठ्या माणसाची गोष्ट निघाली की असल्या बारकाव्यांना कोणी विचारत नाही.

कापूरहोळ. ७६.४. वर घेतली, आवळली. किकवी. ७६.०. वर घेतली, आणखी आवळली. दरम्यान सूर्य वर आला, हायवेला ट्रक वाढले, आणि मला एक गोष्ट कळली: सीट जेव्हा मिलिमीटर मिलिमीटरनं खाली जाते, तेव्हा माणसाला सीट खाली जातेय असं वाटत नाही, आपण म्हातारे होतोय असं वाटतं. सारोळ्याला नीरेच्या पुलावरून जाताना माझ्या मनात येऊन गेलं की ब्रँच बदलायला हवी होती, आईचं ऐकायला हवं होतं, एकूण आयुष्याची दिशाच चुकली. ते सगळं दोन सेंटिमीटरमुळे होतं.

शिरवळला मेकॅनिकलनं अॅलन कीवर पाय ठेवला.

पाच न्यूटन-मीटर कुठे आणि पंचाहत्तर किलोचा मेकॅनिकल कुठे. एक बारीकसा ‘टच्’ आवाज आला आणि किल्ली गरगर फिरायला लागली. पकडीचे आटे गेले होते. सीटपोस्ट ग्रीसच्या कृपेनं अतिशय सफाईनं, कसलाही आवाज न करता, खाली उतरत गेली. आत बाटलीच्या पिंजऱ्याचा स्क्रू आडवा आला तेव्हा थांबली. आम्ही तिघं बघत होतो. सिव्हिलनं टेप लावली.

‘‘पासष्ट पॉइंट तीन.’’

वडापाव खाल्ला. शिरवळला सायकलचं दुकान होतं, पण रविवार होता आणि त्याला कुलूप होतं. मेकॅनिकलचं म्हणणं, वाईला काहीतरी सोय होईल. वाई तिथून पस्तीसेक किलोमीटर आणि मध्ये खंबाटकी.

खंबाटकी घाटाबद्दल एक बरं सांगण्यासारखं आहे. तेव्हा पुण्याकडून साताऱ्याला जाणारी वाहनं घाट चढून जायची आणि साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून यायची. त्यामुळे घाटात समोरून काही यायचं नाही. जे काही यायचं ते मागून यायचं, आणि मागून येणाऱ्याला तुम्ही पूर्ण दिसायचात. बारा सेंटिमीटर खाली गेलेल्या सीटवर मी बसून पाहिलं. गुडघे कानांच्या रेषेत आले आणि मी चढाला लागलेला नाकतोडा दिसू लागलो. हे मी नाही म्हणत, एका एस.टी.च्या खिडकीतून एका लहान मुलीनं आईला तसं सांगितलं आणि आईनं बघून खात्री केली. मग मी ठरवलं की बसायचंच नाही. अख्खी खंबाटकी मी पेडलांवर उभं राहून चढलो.

उभ्यानं चढणं टूरमधले लोकही करतात. टीव्हीवर ते फार देखणं दिसतं. पण ते मधूनमधून बसतात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ किताब मिळतो. त्या राजालाही बूड टेकायला सिंहासन असतं. माझ्या मांड्या दुसऱ्या वळणावर थरथरायला लागल्या. तिसऱ्यावर थरथर थांबली आणि त्यांच्याशी संपर्कच तुटला. एक गाडी मुद्दाम हळू झाली, काच खाली आली, आतल्या काकांनी विचारलं, ‘‘सीट चोरीला गेली का?’’ मागे बसलेल्या काकूंनी त्यांना दटावलं, आणि मला म्हणाल्या, ‘‘केवढ्याला पडली रे सायकल?’’ मी सांगितलं. काका म्हणाले, ‘‘तेवढ्यात सेकंडहँड स्प्लेंडर आली असती.’’ काच वर गेली. या देशात आपण काहीही विकत घ्या. तेवढ्या पैशात दुसरं काय आलं असतं ते सांगायला कोणीतरी गाडी हळू करतंच.

मेकॅनिकल केव्हाच पुढे निघून गेला होता. सिव्हिल नव्हता गेला. अठरा किलोची गिअरची सायकल सगळ्यात हलक्या गिअरवर टाकून तो माझ्या मागे चार हातांवर, एकाच संथ चालीनं येत होता. त्याची साखळी कुरकुरत होती, म्हणून कळत होतं. पुढे गेला असता तर त्याचेही पाय सुटले असते. चढावर इतकं हळू चालवणं जास्त दमवतं. एकदा ट्रक फार जवळून गेला तेव्हा तो नुसता ‘‘डावीकडं’’ एवढंच म्हणाला. घाटमाथ्यापर्यंत त्यानं उच्चारलेला तेवढा एक शब्द.

माथ्यावर मी सायकलीवरून उतरलो म्हणजे सायकल माझ्यातून काढून घेण्यात आली. रस्त्याकडेच्या दगडावर पडलो. सिव्हिलनं पाणी दिलं, मग माझी सायकल सरळ उभी केली, तिच्याकडे जरा बघितलं, आणि पाय टाकून बसला.

बसला तो बरोब्बर बसला. टाच पेडलवर, पाय खाली सरळ. पंजा पेडलवर, गुडघ्याला जेवढा हवा तेवढाच बाक. कोपर किंचित वाकलेलं, पाठ तिरपी, मान सैल. फ्रेम ४९, सीट ६५.३, माणूस पाच फूट चार इंच. आधीच येऊन थांबलेल्या मेकॅनिकलनं तोंडातली चिक्की थांबवली. ओळंबा, ग्रेवाल आणि लमॉन्ड लावून जे माझ्याबाबतीत जमलं नव्हतं, ते आटे गेलेल्या एका पकडीनं सिव्हिलच्या बाबतीत जमवून दाखवलं होतं.

‘‘उतारापुरती देतोस?’’ सिव्हिलनं विचारलं.

दिली. त्यानं दोन पेडलं मारली आणि नाहीसा झाला. आम्ही वळणावरून खाली बघितलं तर फ्लोटर्स घातलेला एक ठिपका ट्रकच्या रांगेच्या डावीकडून वाकून चालला होता. मग मला आठवलं की या माणसानं आयुष्यात आपल्या मापाची सायकल चालवलेली नाही. आधी वडिलांची दुधाची, नळीखालून पाय घालून. मग मामाची २४ इंची, पेडल खाली गेलं की कुल्ला वाकडा करून. मग ही अठरा किलोची, दुकानात शेवटी उरलेली. तो हे सगळं कधीतरी सांगून गेला होता, एका वाक्यात, मोज्याला भोक पडलंय सांगावं तसं. मी त्याची सायकल उचलली. खरोखर जड होती.

सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाईला पोचायला आम्हाला दुपार झाली. तिथलं ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं आहे आणि मूर्ती नावाला शोभेल एवढी मोठी आहे. वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. ‘सीटपोस्ट’ ही नोंद त्यात आहे का, हे बघायची मला तीव्र इच्छा होती, पण रविवार.

सिव्हिल पंक्चरच्या दुकानासमोर पाटावर बसलेला सापडला, हातात उसाचा रस. सायकल शेजारी उभी. त्याचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. दातांची संख्या समजत होती.

‘‘झाली नीट,’’ तो म्हणाला. ‘‘तू येईपर्यंत करून ठेवली.’’

दुकानाचे मालक पन्नाशीचे होते. त्यांनी काय केलं ते त्यांनीच समजावून सांगितलं, एकेक वस्तू हातात घेऊन. आधी रॉकेलनं सगळं ग्रीस धुऊन काढलं. मग ट्यूब घासायची कानस सीटपोस्टवर गोल फिरवली. मग कोल्ड्रिंकचा रिकामा डबा कात्रीनं कापून त्याची पत्र्याची पट्टी केली, तिला पंक्चरचं सोल्युशन लावलं, नळीभोवती गुंडाळली आणि लाकडी ठोकळा ठेवून वरून हातोडी घातली. पकडीच्या आटे गेलेल्या भोकातून लांब बोल्ट आरपार काढून मागे नट लावला, आठ नंबरच्या पान्यानं आवळला. डब्यावरची लाल-निळी अक्षरं फ्रेमच्या काठाशी बारीक दिसत होती.

मेकॅनिकलचा चेहरा पांढरा पडला. ‘‘मामा, कार्बन आहे तो! कानस मारली तुम्ही त्याला?’’

‘‘मंग? गुळगुळीत हुता, म्हनून तर घसरत हुता.’’

यावर मेकॅनिकलकडे उत्तर नव्हतं. कारण उत्तर बरोबर होतं. कंपन्या जी खरखरीत पेस्ट विकतात ती याच कारणासाठी विकतात. कानशीनं कार्बनचे धागे तुटतात एवढाच काय तो दोष, आणि तो दोष दिसायला एखादा मोठा खड्डा लागतो.

मामांनी सीटवर तळहातानं जोरात दाबून दाखवलं. हलली नाही. ‘‘आता ह्ये जल्मात हलायचं न्हाई.’’

‘‘कुठल्या उंचीवर बसवली?’’ मी विचारलं.

‘‘ह्यास्नी बसवून बघितली की. टाच टेकवून. झ्याक बसत्यात.’’

सिव्हिलनं रस खाली ठेवला. त्याच्या लक्षात ते तेव्हा आलं, आणि त्याचा चेहरा जो पडला, तो बघून मी जे बोलणार होतो ते बोललो नाही. माणसानं आपल्यासाठी भर उन्हात हातोडीखाली ठोकळा धरून ठेवलेला असतो. त्याच्या अंगठ्यावर एक घाव चुकून बसला होता, नख काळं पडत होतं, आणि ते त्यानं रसाच्या थंड ग्लासाला लावून धरलं होतं.

‘‘भारी केलंस,’’ मी म्हणालो.

मामांनी चाळीस रुपये घेतले. डबा, म्हणाले, आमच्याकडचाच होता.

पसरणी घाट मी सिव्हिलच्या सायकलीवर चढलो. तिची सीट जेवढी वर निघते तेवढी काढली. गुडघे कानांवरून खांद्यांपर्यंत उतरले, ही प्रगतीच. तिच्या स्प्रिंगांची खुबी अशी की पेडलवर दिलेला जोर आधी त्या खातात, मग उरलासुरला चाकाला देतात. पेडल मारलं की सायकल पुढे जाण्याआधी खाली बसायची, जरा विचार करायची, आणि मग जायची. खाली धोमच्या धरणाचं पाणी दिसत होतं म्हणतात. मी हँडलवरची सिव्हिलनं बांधलेली घंटी बघत होतो. तिच्यावर एक छोटा ससा होता. पाचगणी येईपर्यंत त्या सशाची आणि माझी चांगली ओळख झाली.

सिव्हिल पुढच्या वळणावर जाऊन थांबायचा, मी दिसलो की पुन्हा निघायचा. मेकॅनिकल सगळ्यांच्या पुढे आणि गप्प. पाचगणीला पोचल्यावर त्यानं महाबळेश्वरचं नाव काढलं तेव्हा मी ‘अजून वीस किलोमीटर आहे’ एवढंच म्हणालो, आणि बहुधा ते ज्या आवाजात म्हणालो, त्यामुळे विषय तिथेच संपला. टेबल लँड पाहिलं. सपाट आहे. दिवसभरात भेटलेली ती पहिली सपाट गोष्ट म्हणून मी तिच्यावर जरा वेळ झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकल एकटा सायकलनं परत निघाला. त्याला परतीचं टायमिंग काढायचं होतं. मला बसणं जमत नव्हतं, उभं राहणं जमत नव्हतं, आणि सबमिशनची जर्नल्स कोरी होती. सिव्हिल म्हणाला, मी येतो तुझ्याबरोबर एस.टी.नं. आम्ही दोन्ही सायकली घेऊन स्टँडवर गेलो. स्वारगेट गाडी लागलेली होती.

गिअरची सायकल टपावर चढली. दुसरी चढेना. टपावर आधीच स्ट्रॉबेरीच्या पेट्या बांधलेल्या होत्या आणि सायकल आडवी पडायची तर सीट मध्ये येत होती.

‘‘ओ, ती सीट काढा, नाहीतर खाली घाला,’’ कंडक्टर म्हणाले.

मी प्रयत्न केला. सिव्हिलनं अंगठा वाचवून प्रयत्न केला. ड्रायव्हर खाली उतरले, त्यांनी सीट दोन्ही हातांनी धरून पिळली. सीट नाही, सायकल फिरली आणि मागचं चाक कंडक्टरांच्या पोटरीला लागलं. मागच्या सीटवरचे एक पैलवान गृहस्थ स्वतःहून आले. त्यांनी फ्रेम दोन गुडघ्यांत धरली, शिरा फुगवल्या, सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. ते थांबले, घाम पुसला आणि आदरानं विचारलं, ‘‘वेल्डिंग केलंय का?’’

‘‘वाईला काम केलंय,’’ सिव्हिल म्हणाला.

‘‘मंग न्हाई निघायची,’’ पैलवान म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

शेवटी सायकल गाडीच्या आत आली. मागच्या मोकळ्या जागेत तिरकी, पुढचं चाक एका आजींच्या गाठोड्यावर. आजींची हरकत नव्हती, फक्त हलवू नका म्हणाल्या, आत अंडी आहेत. मी शेजारच्या सीटवर बसलो, गुडघे समोरच्या पाठीत. एका लहान मुलानं सायकलच्या सीटवर थाप मारून बघितली. हलली नाही.

कंडक्टर पंच वाजवत आले. टपावरच्या सायकलीचं लगेज सिव्हिलनं निमूट भरलं. मग त्यांनी आतलीकडे बघितलं. आधी तिच्या सीटची उंची बघितली, मग माझे पाय बघितले, मग सिव्हिलला वरपासून खालपर्यंत बघितलं. माणूस अनुभवी होता.

‘‘ही कुणाची?’’

मी सिव्हिलकडे बोट दाखवलं. त्याच वेळी सिव्हिलनं माझ्याकडे.

‘‘वाईपर्यंत ठरवा,’’ कंडक्टर म्हणाले आणि पुढच्याचं तिकीट फाडायला लागले.